हळू आवाजात घाबरा म्हणणाऱ्या हेमलताताई

हेमलताताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली. त्या जमिनीवर आडव्या झाल्या होत्या आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'पहिल्या ओळखीपासून लिहा' असा संपादकांचा आग्रह आहे, म्हणून सांगतो. एरवी चारचौघांत सांगावा असा हा प्रसंग नव्हे.

आम्ही दुबईतल्या अल बर्शात नुकतेच राहायला आलो होतो. आमची मुलगी सानिका तेव्हा सहा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पुढे करायचं काय, हे मात्र कुणी धड सांगत नव्हतं. एका सुट्टीच्या दुपारी बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. आगबीग काही नव्हती, पण सानिका अनवाणी दारातून सुटली. आवाज असह्य झाला की ती पळायची, आणि आपण कुठे पळतोय हे तिला कळायचं नाही. जिने उतरताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त समोरचा रस्ता होता. ती सापडली पार्किंगमध्ये, एका उभ्या गाडीखाली. मी गुडघ्यावर बसून तिचा पाय ओढत होतो, ती किंचाळत आणखी आत सरकत होती, आणि तेवढ्यात त्याच गाडीचा मालक आत बसून इंजिन सुरू करता झाला. आम्ही पलीकडच्या बाजूला होतो आणि अलार्म चालूच होता, त्यामुळे खाली कुणी आहे हे त्या बिचाऱ्याला कळलंच नव्हतं. मी पाय ओढतच राहिलो.

गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक बाई कुठून तरी धावत आल्या. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "खलास, खलास," म्हणजे इथल्या बोलीत थांब, "इंजिन बंद करो, बच्चा है नीचे." इंजिन बंद झालं. मग त्या गाडीपासून चार हात दूर, सरळ फरशीवर आडव्या झाल्या. मला वाटलं, यांना चक्कर आली.

"तिचा पाय सोडा," त्या वर न बघता म्हणाल्या. "आणि बोलू नका."

"तुम्ही कोण?"

"तिसऱ्या मजल्यावरची. बोलू नका म्हटलं ना."

मी बोललो. बरंच बोललो, आणि चढ्या आवाजात बोललो. सानिकाकडे न बघता ताईंनी आपली ओढणी गाडीखाली सरकवली, तिच्या हाताला लागेल इतकीच. अलार्म थांबला. काही वेळाने ओढणी आत ओढली गेली, आणखी काही वेळाने ती ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळून सानिका स्वतःहून बाहेर आली. ताई उठल्या, गाऊन झटकला आणि मला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी घरी या दोघंही. चहा मिळणार नाही, काम आहे."

ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात उमेदवारी करून त्या दुबईला आल्या, आणि इथल्या कितीतरी घरांत मग त्यांचा शब्द चालू लागला. त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. "आत्ता पंखा चालू आहे, फ्रिज घुमतोय, बाहेर क्रेन चाललीय. तुम्हाला त्यातला फक्त माझा आवाज ऐकू येतोय, कारण बाकीचे तुमचा मेंदू बाजूला ठेवतोय. तिच्या मेंदूला ते जमत नाही. सगळे आवाज एकदम, सगळे सारखेच मोठे. पळेल नाहीतर काय करेल?"

माझी पत्नी वृषाली हे ऐकून रडली. शाळेने सानिकाला आजवर 'हट्टी' आणि 'लाडावलेली' हे दोनच शब्द दिले होते.

ताईंचे उपाय ऐकून आम्ही आधी एकमेकांकडे बघितलं. शाळेत निघण्याआधी सानिकाने तांदळाची मोठी पिशवी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत ढकलत न्यायची. कणीक तिनेच मळायची, दोन्ही मुठींनी. भिंतीला हात लावून, जणू ती पाडायचीच आहे असा जोर लावायचा. अंगाला असा जोर मिळाला की तिला आपलं अंग जागेवर वाटतं, असं ताई म्हणत. कपड्यांची लेबलं काढून टाकायला सांगताना त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर उलटून बघितली. तिथलं लेबल मी कॉलेजात असल्यापासून कापत आलो आहे. ताई हसल्या. मुलीने हे कुठून आणलं, हा आमच्या घरातला वाद त्या दिवशी मिटला.

ताईंची एक गोष्ट मला सुरुवातीला फार खटकायची. त्या धीर देत नसत. सगळं ठीक होईल, इन्शाल्ला बरी होईल, हे बाकी सगळे म्हणायचे. ताई कधीच नाही. 'बरी होईल' म्हणणाऱ्या एका पाहुण्यांना त्यांनी आमच्याच घरात सुनावलं होतं, "ती आजारी नाहीये. तिला तिच्या अंगात सुखाने राहता यावं, एवढंच काम आहे. आणि ते काम जन्मभराचं आहे." जन्मभराचं हा शब्द मला तेव्हा झेपला नाही. खरं सांगायचं तर अजूनही झेपत नाही.

आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या सभासदांना पुढचा प्रसंग आठवत असेल. सानिका अकरा वर्षांची असताना आपल्या मंडळाने गणपतीत विशेष मुलांचा सत्कार ठेवला. हेतू इतका चांगला की बोलायला जागा नाही. स्वयंसेवकांनी मुलांसाठी फुगे आणले, मोदक केले, आणि मुलांचं स्वागत दणक्यात व्हावं म्हणून हॉलच्या दाराशी चक्क ढोल-ताशाचं पथक उभं केलं. हे फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं. पहिला ठोका पडला आणि सानिकाने माझ्या हाताला हिसडा दिला. मी मागे धावलो. हॉलच्या फाटकाबाहेर सर्व्हिस रोड होता आणि त्यावरून गाड्या जात होत्या.

ताई मागे धावल्या नाहीत. मागे धावलं की मूल आणखी जोरात पळतं, हे त्यांना माहीत होतं. घाबरलेली सानिका भिंतीच्या कडेकडेने पळते हेही त्यांना माहीत होतं. त्या पैठणी गुडघ्यापर्यंत वर धरून मधल्या हिरवळीवरून थेट फाटकाकडे पळाल्या आणि भिंत संपते तिथे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. सानिका त्यांच्या पाठीवर आदळली आणि तिथेच पदरात तोंड खुपसून थांबली. बाहेर कुणाची तरी गाडी करकचून थांबली. ती आमच्यासाठी थांबली होती की आणखी कशासाठी, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. मला ते कळून घ्यायचं नाही.

कार्यकर्त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. ताई आत येऊन अध्यक्षांना म्हणाल्या, "तुम्ही जीव ओतून केलंत. स्वागत कसं करणार, हे मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं." पुढच्या वर्षीपासून पहिली आरती झांजांशिवाय, नुसत्या तोंडी होऊ लागली, आणि हॉलमागे एक शांत खोली ठेवली जाऊ लागली. मंद दिवा, जाड सतरंजी, वजनदार गोधड्या. त्या खोलीत सगळ्यांत आधी जाऊन बसले ते मूल नव्हतं. ते आमचे पन्नाशीतले खजिनदार होते. "मला आयुष्यभर वाटत आलं की मी माणूसघाणा आहे," ते ताईंना म्हणाले. पुढे कितीतरी मोठी माणसं अशी ताईंकडे आली. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ज्यांचं डोकं फुटायचं ती, आणि लग्नाच्या जेवणातून ज्यांना उठून जावंसं वाटायचं तीही.

त्या गणपतीनंतर मी मुलीला घराबाहेर न्यायलाच घाबरू लागलो. ताईंच्या ते लक्षात आलं. "घाबरा," त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मीही घाबरले असते. पण हळू आवाजात घाबरा. तुमची भीती तिला ऐकू येते." तेव्हा मला हे वाक्य नुसतं ऐकायला छान वाटलं. त्याचा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला.

सानिका आता वीस वर्षांची आहे. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत ती फोटो तपासून त्यांची वर्गवारी करण्याचं काम शिकते. गेल्या महिन्यात दुपारी तिच्या सुपरवायझरचा मला फोन आला. कंपनीच्या टॉवरमध्ये अलार्म वाजला, सगळे खाली जमले, सानिका त्यांच्यात नाही. मी शारजापलीकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या माझ्या फॅक्टरीत होतो. तिथून निघालो तो शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. मी फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. लावतच राहिलो. नंतर तिचा फोन बंद लागू लागला. वीस वर्षांची मुलगी मला पुन्हा सहा वर्षांची, अनवाणी दिसत होती, आणि आता तिच्यासमोर आठ पदरी रस्ता होता.

ती सापडली टॉवरच्या मागच्या पार्किंगमध्ये, भिंतीशी सावलीत बसलेली. कानावर इअरमफ, दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले. अलार्म सुरू होताच ती शिकवल्याप्रमाणे शांत जागा गाठून बसली होती. मला तसा मेसेजही केला होता. मी फोन लावण्याच्या नादात तो पाहिलाच नाही.

"फोन का बंद केलास?" मी धापा टाकत विचारलं.

"पापा, यू केप्ट कॉलिंग," ती म्हणाली. "अलार्म स्टॉप्ड. यू डिडंट."

संध्याकाळी मी ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी तयार झाली. आता तुमच्यावर काम करायला हवं." आणि लगेच, तितक्याच साधेपणाने, "पण ते मला पुण्याहून फोनवरच करावं लागेल." ताई निवृत्त होऊन पुढच्या महिन्यात भारतात परत, पुण्याला चालल्या आहेत हे मला माहीत होतं. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर माझा धीर सुटला. जे इतकी वर्षं ओठांवर येऊन परत जात होतं ते मी विचारून टाकलं. आम्ही दोघं नसू तेव्हा हिचं काय होईल?

दुसऱ्या कुणीही मला धीर दिला असता. ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. मलाही त्याची भीती वाटते." माझ्या आयुष्यात माझ्याशी इतकं खरं कुणी बोललेलं नाही.

म्हणून ताई, या ग्रंथात सगळे तुम्हाला आरोग्य आणि दीर्घायुष्य चिंततील, तसं मीही चिंततो, पण माझं मागणं साधं नाही आणि निःस्वार्थ तर नाहीच. गुडघ्यांची काळजी घ्या. रोज चाला. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. पुण्यात रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा. तुम्ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आहात, तेव्हा हे मागणं हिशेबात बसत नाही, हे मला कळतं. तरी मागतो. सानिका कशाने घाबरते आणि कशाने सावरते हे जाणणारं एक माणूस आमच्यामागे या जगात हवं आहे. तुम्ही आमच्यानंतरही असा.