झाकलेला बर्फ

नागपूरच्या इतवारीत आमची उसाच्या रसाची गाडी होती, तेव्हा बर्फाची लादी सांभाळणं माझ्याकडे. भुसा पसरायचा, वरून दोन पोती गुंडाळायची. मे महिन्यातही लादी संध्याकाळपर्यंत टिकायची. बर्फातलं आपल्याला कळतं, असं मला तेव्हापासून वाटे.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी नात उत्तर ध्रुवाकडे गेली होती, गोठलेल्या समुद्राची जाडी मोजायला. एकदा फोनवर म्हणाली, "आजी, उद्या समुद्रावर पायी जायचं आहे. कुठं बर्फ उघडा, निळा दिसून राहिला. कुठं त्याच्यावर मांडीभर भुरभुरीत बर्फ पडून आहे."

"मंग झाकलेल्यावरून जाजो वं. झाकलेला बर्फ टिकते."

"हो हो, रसवंतीवाल्या मॅडम!" ती हसली आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरजण लावलं. गारठा होता, म्हणून भांड्याला जुनी शाल गुंडाळत होते, आणि हात थांबला. लादीला गुंडाळायचे ते गार राहावी म्हणून, आणि हे कोमट राहावं म्हणून! म्हणजे पांघरूण स्वतः काहीच करत नाही, नुसतं अडवतं. नागपुरात ऊन वरून येतं. तिथं वर हाडं गोठवणारी हवा, आणि बर्फाखाली न गोठलेलं पाणी, हवेपेक्षा कितीतरी ऊबदार. ती थंडी खाली पोचली तरच पाणी गोठणार, बर्फ जाड होणार. भुरभुरीत बर्फानं थंडीच अडवली, तर खालचा पातळ राहणार. आणि मी पोरीला तिथूनच जा म्हटलं होतं.

फोन लावला. लागेना.

सून म्हणाली, "आई, तिथं समुद्रावर रेंज नसते."

"माहीत आहे वं," म्हटलं, आणि पुन्हा लावला. दुपारपर्यंत लावतच राहिले. दही लागलं की नाही, बघायचंही सुचलं नाही.

चारच्या सुमाराला, तळावर परतल्यावर, तिचाच व्हिडिओ कॉल आला.

"कुठून गेली?"

"आजी, श्वास तर घे! पुढचा माणूस सळई टोचून पाहते, मंगच आम्ही पाय टाकतो. भोकं पाडून मोजलं. उघड्या जागी बर्फ माझ्या कमरेइतका. झाकलेल्या जागी..."

"गुडघ्याएवढाही नाही."

"तुले कसं माहीत?"

"दह्यानं सांगितलं. पाय भिजला काय?"

"एकच. वरच्या भुरभुरीत बर्फाच्या वजनानं खालचा दबला होता, भोक पाडलं तसं पाणी वर आलं."

"दुसरा दाखव."

तिनं बूट कॅमेऱ्यासमोर धरला. कोरडा होता. मी पुन्हा दाखवायला लावला.