विचारायला येणारी बाई

कुसाका तोमिए यांचं काम म्हणजे अनोळखी लोकांच्या दारात उभं राहून मेलेल्या माणसांबद्दल विचारणं. ओसाकाच्या दक्षिण भागातल्या जुन्या, दोनमजली भाड्याच्या इमारतींमध्ये त्या हे काम चार वर्षं करत होत्या. कागदोपत्री त्या एका संशोधन संस्थेच्या सर्वेक्षक होत्या. वय अडुसष्ट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

संस्थेला हवं असलेलं उत्तर साधं होतं. एखाद्या खोलीत माणूस एकटा मेला आणि काही दिवसांनी सापडला, तर त्या खोलीचं भाडं किती उतरतं, किती काळ उतरलेलं राहतं, आणि शेजारच्या खोल्यांना त्याची झळ लागते का? एक सरकारी समिती या उत्तरासाठी थांबली होती. एकट्या म्हाताऱ्या माणसांना घरमालक खोली देत नव्हते. उद्या हा आत मेला तर खोली वाया जाणार, अशी प्रत्येकाला धास्ती. प्रत्यक्षात किती वाया जाते, हे कोणी नीट मोजलेलं नव्हतं. ते मोजलं, की नव्या भाडेकरूला काय सांगायचं आणि कशाबद्दल गप्प राहिलं तरी चालेल, याचा नियम करता येणार होता.

त्या उत्तरासाठी कुसाकाबाईही थांबल्या होत्या. त्या राहत होत्या ती इमारत येत्या वसंतात पाडली जाणार होती. वय ऐकलं की दलाल दातांतून हवा आत ओढायचे आणि म्हणायचे, "जरा कठीण आहे." म्हणजे नाही. एकाने तर विचारलं, "सोबत कोणी तरुण दाखवता नाही येणार का, आजी? कागदावरचा असला तरी चालेल." बाई हसल्या. बाहेर पडल्यावर मात्र रस्ता ओलांडायचं विसरून दोन सिग्नल तशाच उभ्या राहिल्या.

रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जाऊ नये, म्हणून संस्थेने कागदात गुंडाळलेले पातळ सुती पंचे दिले होते. बाई घंटी वाजवायच्या, कमरेत वाकायच्या, पंचा पुढे करायच्या आणि ठरलेला प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायच्या.

"गेल्या काही वर्षांत या इमारतीत कोणी घरातच वारल्याचं आपल्याला माहीत आहे का?"

"नाही बुवा," दारातला माणूस म्हणायचा. मग जरा थांबून, "का हो? कोण गेलं?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे गेलंय कोणीतरी."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"वरचा का? दोन-तीन महिन्यांत त्याचा खोकला ऐकू आला नाही खरा."

बाई 'माहीत नाही'वर खूण करून पुढच्या दाराशी जायच्या. मागे वळून पाहिलं तर तो माणूस दारातच उभा असायचा, नजर छताकडे.

वर्षाने त्याच इमारतींची दुसरी फेरी सुरू झाली. बाई जिन्यात शिरल्या की एकेका खोलीतल्या टीव्हीचा आवाज खाली यायचा. व्हरांड्यातलं कपडे धुण्याचं यंत्र गरगरत असायचं, जवळ कोणी नसायचं. घंटी वाजवली की दाराच्या भिंगात आधी उजेड दिसायचा आणि मग तो काळा व्हायचा. आत कोणीतरी डोळा लावून उभं असायचं. दार उघडायचं नाही. बाई थांबायच्या, आतलं माणूसही थांबायचं. मध्ये बोटभर जाडीची फळी. शेवटी बाईच निघायच्या.

आणि मीठ. बऱ्याच दारांशी छोट्या बशीत मिठाचे निमुळते ढीग रचून ठेवलेले होते. अंत्यविधीहून परतल्यावर लोक अंगावर मीठ टाकून घेतात, तसंच हेही असणार, ज्या खोलीत मरण झालं तिच्यासाठी, असं बाईंनी धरलं. पण एका इमारतीत त्या जिन्याच्या तोंडाशी थबकल्या. मरण झालेल्या खोलीच्या दाराशी मीठ नव्हतं. जिथे मागच्या वर्षी कोणी दारच उघडलं नव्हतं, त्या बहिऱ्या सुताराच्या दाराशीही नव्हतं. बाकी सगळ्या दारांशी होतं. त्या प्रत्येक दारात बाईंनी गेल्या वर्षी आपला प्रश्न विचारला होता.

असल्या गोष्टीसाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता. बाईंनी तिची नोंद केली नाही.

तिसऱ्या फेरीत त्या हिनोदे-सो नावाच्या इमारतीत गेल्या, तेव्हा दारांवरच्या नावाच्या पट्ट्या बहुतेक कोऱ्या होत्या. जिन्याच्या पायरीवर ओकुनो आजी संत्रं सोलत बसल्या होत्या.

"आलात? विचारून टाका. आता मीच उरलेय."

"बाकीचे?"

"गेले. वर नाही हो, दुसरीकडे राहायला गेले. घाबरू नका." आजी आपल्याच विनोदावर हसल्या.

"त्या खोलीमुळे?"

"कुठल्या? इमाईंच्या? इमाई गेले तेव्हा आम्हीच बायकांनी ती खोली धुऊन काढली. पुढल्या वर्षी तिथे एक विद्यार्थी आला. गाणी काय लावायचा, डोकं उठायचं. इमाई कोण होते तेसुद्धा विसरलो होतो आम्ही." आजींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मग तुम्ही आलात. गोड बोलून विचारून गेलात. तो पोरगा त्याच आठवड्यात सामान बांधून पळाला."

"आणि ते मीठ तुमच्यासाठी असतं. कळलं नाही होय तुम्हाला? लोक म्हणतात, ती पंचेवाली येऊन गेली की दोन महिन्यांत कोणीतरी जातं. पलीकडच्या गल्लीत गेलं, इथेही खालचे एक गेले. मला काही तसं वाटत नाही हां. माझं आता काय राहिलंय." आजींनी साली गोळा केल्या. "पंचा मात्र मी वापरला नाही. तेवढं आपलं."

बाईंनी आठवून पाहिलं. खालचे ते गृहस्थ त्यांना आठवत होते. त्यांनी दार पूर्ण उघडलं होतं, एवढ्या उन्हातून आलात म्हणून गार चहाही दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या संस्थेत इनुईसरांसमोर जाऊन बसल्या. इनुई अर्थशास्त्रज्ञ, पंचेचाळिशीचे, हळू बोलणारे. बाईंनी सगळं सांगितलं. मीठ, आजी, पळालेला विद्यार्थी. आपल्या विचारण्यामुळेच लोकांना भीती बसली असेल, तर उतरलेलं भाडं हे मरणाचं मोजमाप नाही, आपल्या फेऱ्यांचं आहे. हे नोंदवायचं राहून गेलं तर समितीचा नियम चुकीचा होईल, हेही त्यांनी सांगितलं. नियम चुकला तर आपल्याला खोली मिळणार नाही, एवढंच त्या बोलल्या नाहीत.

इनुईंनी संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. पडद्यावर भाड्याच्या दोन रेघा होत्या. दोन्ही एकाच जागी खाली पडलेल्या. एक लवकरच वर चढून पूर्वीच्या उंचीवर आली होती, दुसरी तळालाच घसटत गेली होती.

"खालची तुमच्या इमारतींची," इनुई म्हणाले. "वरची ज्या इमारतींची, तिथेही मरणं तशीच झाली होती, पण तुम्हाला आम्ही तिकडे कधी पाठवलं नाही. जाहिरातींतली भाडी तेवढी बघत राहिलो."

"मुद्दाम?"

"चिठ्ठ्या टाकून अर्ध्या इमारती वगळल्या होत्या. विचारल्याने काय होतं, तेही बघायचं होतं."

"म्हणजे तुम्ही मलाच मोजत होतात."

"आधी सांगितलं असतं तर तुमचा विचारण्याचा सूर बदलला असता. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. माफ करा." ते खुर्चीतून उठून वाकले. बाईंनीही सवयीने मान लववली.

"सर, भाड्याचं झालं. माणसांचं काय? माझ्या इमारतींत जास्त माणसं गेली का?"

इनुईंनी काही कळा दाबल्या. पडदा आता त्यांच्याकडेच वळलेला होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"आकडा फार लहान आहे," ते म्हणाले. "त्यावरून काही म्हणता येत नाही."

हे वाक्य बाईंनी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. त्यानंतर ते नेहमी कागद ओढून, का म्हणता येत नाही, हे समजावून सांगत. आज त्यांनी कागद ओढला नाही.

"लहान म्हणजे किती, सर?"

"चहा घेणार ना तुम्ही?" इनुई म्हणाले आणि स्वतःच चहा आणायला उठले.

समितीने वरची रेघ धरली. लोक आपणहून विसरतात, हे त्या रेघेने दाखवलं होतं. नियम आला: माणूस घरात साध्या आजाराने किंवा वयाने गेला असेल, तर दलालाने नव्या भाडेकरूला आपणहून काही सांगायची गरज नाही. भाडेकरूने थेट विचारलं, तर मात्र खरं सांगावं लागेल. बाईंचं काम संपलं.

थंडीच्या शेवटी त्सुजी नावाच्या दलालाचा फोन आला. पूर्वी 'जरा कठीण आहे' म्हणणाऱ्यांपैकीच एक. "आता जमतंय बघा. मालक तयार आहेत. एकट्या आजी चालतील म्हणाले, उलट बऱ्या, दंगा नाही."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सहा चटया बसतील एवढी, दक्षिणेला खिडकी. एका भिंतीला मालकाचं जडशीळ कपाट, दुसऱ्या बाजूला ओटा. त्सुजी उन्हाबद्दल बोलत होता, बसथांब्याबद्दल बोलत होता, न्हाणीघरातल्या नव्या नळाबद्दल फारच बोलत होता. बाई खाली बघत होत्या. जमिनीत बसवलेल्या पाच चटया उन्हाने पिवळ्या पडलेल्या होत्या. खिडकीखालची एकच हिरवीगार होती, तिला ताज्या गवताचा वास येत होता. मालक चटया बदलतो तेव्हा सगळ्या बदलतो, नाहीतर एकही बदलत नाही. चार वर्षं या इमारतींतून हिंडलेल्या माणसाला एवढं कळतं.

"काही विचारायचं असलं तर विचारा हं," त्सुजी म्हणाला. बोलताना त्याने बाईंकडे पाहिलं नाही. पेनाचं टोपण उघडून बंद केलं.

प्रश्न बाईंच्या जिभेवर तयार होता, ठरलेल्या शब्दांसकट. विचारला असता तर त्याला उत्तर द्यावंच लागलं असतं. भिंती पातळ होत्या. शेजारच्या खोलीत कोणीतरी भांडी विसळत होतं, आणि ते विसळणं आत्ताच थांबलं होतं.

"कचरा कुठल्या वारी ठेवायचा?" बाईंनी विचारलं.

त्सुजीने श्वास सोडला आणि भराभर सांगितलं. ओला कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या, जाळी कुठे, जाळी नीट नाही ओढली तर कावळे काय करतात. बाईंनी करारावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. त्याने किल्ली दिली, दोनदा वाकला आणि लगबगीने जिना उतरून गेला.

दुपारभर बाई पाच चटयांवर वावरल्या. खोकी तिथेच सोडली, तिथेच बसून भाताचा गोळा खाल्ला. अंधार पडायला लागल्यावर त्यांनी अंथरूण काढून जागा शोधली. कपाट हलवून पाहिलं, ते हललं नाही. मग त्यांनी गादीचं एक टोक धरून ती खिडकीखाली पसरली. त्या हिरव्या चटईवर ती बरोबर मावली, कुठेही एक बोट इकडेतिकडे न होता.