ईस्टरच्या सोमवारचं वाचन

ईस्टरच्या सोमवारी सकाळपासून मालविका स्वयंपाकघरातून हलली नव्हती. मोठ्या पातेल्यात मटण, गाजरं आणि बटाटे रटरटत होते, ओव्हनमध्ये सोडा घातलेला आयरिश पाव फुगत होता, आणि कढईत तिची स्वतःची भर म्हणजे मोहरी-हळदीची बटाट्याची भाजी. पहिल्या वर्षी ही भाजी तिनं भीतभीतच टेबलावर ठेवली होती. दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या मित्रांनी ती मागून घेतली, आणि पुढे ती आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचाच एक भाग होऊन बसली.

नवरा डोनल. मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, इथे जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. गेल्या ऑक्टोबरात गेला. स्टुटगार्टच्या आसपासचे आयरिश लोक दरवर्षी या दिवशी त्याच्याकडे जेवायला यायचे. १९१६ साली याच सोमवारी मूठभर माणसांनी डब्लिनचं मोठं पोस्ट ऑफिस ताब्यात घेऊन आयर्लंड स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं होतं. आठवडाभरात बंड मोडलं आणि पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. एकाला तर जखमेमुळे उभंही राहता येत नव्हतं, त्याला खुर्चीत बसवून मारलं. डोनल जेवणाआधी उभा राहून तो जाहीरनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. तोवर बाकीचेही उभे राहायचे, पानाला कुणी हात लावायचा नाही. मालविका स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात धरून ऐकायची.

तिला हे परकं कधी वाटलंच नाही. साताऱ्याला तिचे आजोबा टिळकांच्या होमरूलबद्दल बोलायचे आणि बोलता बोलता आयर्लंडवर यायचे; तो शब्द तिकडूनच आलेला. डोनलशी ओळख झाली तेव्हा तिनं हे सांगितलं, तर तो मोठ्यांदा हसला होता. "म्हणजे त्याच एप्रिलमध्ये तुमच्या लोकांनी सभा भरवली आणि आमच्यांनी पोस्ट ऑफिस घेतलं! शहाणे तुम्हीच." या हसण्यावर भाळून तिनं लग्न केलं. आईनं पुढे चार वर्षं पत्राला उत्तर दिलं नाही.

टेबलावरच्या चर्चेत ती एकच प्रश्न विचारायची. त्या पुढाऱ्यांपैकी एकानं गोळ्या खाण्याआधी काही तास तुरुंगातल्या चर्चमध्ये लग्न केलं होतं. ग्रेस त्या मुलीचं नाव. "मग पुढे तिचं काय झालं?" मालविका दारातून विचारायची. "थांब, त्याच्यावर येतोच आहोत," असं म्हणून पुरुष यादवी युद्धाकडे वळायचे आणि तिकडेच रमायचे. शेवटी तिनं स्वतःच शोधून वाचलं. ग्रेस त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगली. सासरच्यांनी तिचं फारसं काही केलं नाही. भाड्याच्या खोल्यांतून राहिली, आणि एकटीच असताना गेली.

यंदा वाचन आपण करायचं, असं मालविकानं ठरवलं होतं. कुणाला न सांगता सरळ डोनलच्या जागी उभं राहायचं. पंधरा दिवस ती आंघोळीच्या वेळी मोठ्यानं सराव करत होती. पाहुण्यांनी उभं राहून ऐकलं, तर ही माणसं आपलीही आहेत. नाहीतर मग ती डोनलची होती आणि डोनलबरोबर संपली.

बाराच्या सुमारास खालच्या मजल्यावरची सुलेखा डबा परत द्यायला आली. पुण्याची, नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये.

"अहो ताई, वास जिन्यापर्यंत येतोय! पण वर्षाच्या आत सण करत नाहीत ना आपल्यात?"

"सण कुठला? पुण्यतिथी आहे ही. त्या बंडापायी मारलेल्या सोळा जणांची."

"बरं बाई. किती जण येणारेत?"

"येतील तितके."

"म्हणजे कुणाला कन्फर्म नाही केलंत?"

"कन्फर्म काय करायचंय? गणपतीला का कुणी बोलावणं धाडतं? माहीत असतं, येतात."

सुलेखानं पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "ताई, इथे माझी शेजारीण साखर मागायलासुद्धा आधी वेळ ठरवून, टर्मिन घेऊन येते."

"ते जर्मन. हे आयरिश आहेत," मालविका म्हणाली आणि तिला थोडी भाजी बांधून दिली.

दोन वाजले. अडीच झाले. मालविकानं पातेल्याखालची आच बंद केली, मग पुन्हा लावली. बेल खराब झाली असेल म्हणून दार उघडून स्वतःच दाबून पाहिली. चांगली खणखणीत वाजली.

गार्चिंगहून मुलीचा, अन्वीचा फोन आला. ती तिथे संशोधन करते. आई मराठीत बोलणार आणि मुलगी जर्मनमध्ये, हे लहानपणापासूनचं.

"कुणीच आलं नाही गं अजून."

"ममा, हास्ट डू झी आइनगेलाडेन?" बोलावलं होतंस का त्यांना?

"तूसुद्धा तेच विचारतेस?"

अन्वी म्हणाली की पापा करायचे सगळ्यांना फोन, ऑफिसमधून, आधीच्या आठवड्यात. तुला माहीत नव्हतं?

मालविकाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की माणसं आपण होऊन येतात. संसारातल्या किती गोष्टी डोनल असा परस्पर उरकून टाकायचा, आणि तिला वाटायचं, त्या आपोआपच होतात.

तिनं फिनबारला फोन लावला. फिनबार डोनलचा सगळ्यांत जुना मित्र. मागे हसण्याचा, काट्या-चमच्यांचा आवाज येत होता.

"मालविका! अगं, आम्ही कॉनरकडे जमलोय. तुझ्याकडून काहीच कळलं नाही. वाटलं, तुला यंदा हे नको असेल. मुद्दाम कसं विचारायचं? तू स्वयंपाक करणार, दमणार..."

"वाचन झालं?"

"झालं की. कॉनरनं वाचलं. मधला थोडा भाग गाळला, पोरं भुकेली होती. थांब, मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला."

"नको. मला वाचायचं होतं, फिनबार."

"काय? जाहीरनामा? अगं, पण आता तर... पुढच्या वर्षी वाच ना. नक्की."

"पुढच्या वर्षी नाही. आत्ता ऐका. फोन टेबलावर ठेव, सगळ्यांना ऐकू जाईल असा."

डोनलच्या खुर्चीमागे ती उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली. आयरिश पुरुषहो आणि आयरिश स्त्रियांनो, या पहिल्याच हाकेवर ती थांबली. ना ती त्यांच्यातली, ना समोर कुणी होतं. पण त्या दिवशी डब्लिनलाही ऐकायला काही गर्दी जमली नव्हती. रस्त्यानं जाणारे चार लोक थांबले होते आणि हे काय चाललंय म्हणून बघत होते. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक उभे राहिले, की उठून बाहेर गेले, ते कळायला मार्ग नव्हता. काटे-चमचे मात्र थांबले होते. तिनं एक ओळही गाळली नाही. खाली सह्या करणाऱ्यांची सातही नावं वाचली.

वाचून झाल्यावर एका अनोळखी बाईनं हळूच जर्मनमध्ये विचारलं, "ही कोण?"

"डोनलची बायको," फिनबार म्हणाला. मग तो फोनजवळ येऊन काहीतरी म्हणू लागला, पण मालविकानं "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला.

रस्सा आटून दाट झाला होता. तिनं त्यात थोडं गरम पाणी घातलं, ढवळलं, आणि एकटीचं ताट वाढून घेतलं.