एका दिवसाचा पोहरा

गवराबाई विहिरीवर आली की बाया कुजबुजायच्या, ‘आली पाणपोई.’ तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. कुरुळीपलीकडच्या त्या वाडीत तिच्याइतकी तिखट जिभेची विधवा दुसरी नव्हती.

महारवाड्यातल्या बायांनी विहिरीला शिवायचं नाही, अशी रीत. त्या पायऱ्यांखाली घागरी घेऊन उभ्या राहत. गवराबाई रोज सकाळी पोहरा ओढून आधी त्यांच्या घागरी भरी. पण ही दया करून करून तिलाच वीट आला होता. त्यांच्यातल्या छबूबाईनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडावा, एवढाच तिचा हट्ट होता. शिवाशिव बंद करायचा कायदा झाला होता म्हणे. या वाडीची वाट मात्र त्याला सापडली नव्हती.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात पुण्याहून उद्धवराव आले. पदरमोड करून साध्या माणसांचे लघुपट काढायचे, हे या गृहस्थाचं वेड. चावीचा कॅमेरा सरसावून ते म्हणाले, “मावशी, तुम्ही रोज करता तेच करा. मी नुसतं टिपतो.”

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. पाहुण्यापुढं फाटकी वाकळ कुणी अंथरतं का? गवराबाई तडक कोंडीराम पाटलाकडं गेली.

“पाटील, पाव्हण्याम्होरं गावाची लाज जाईल. एक दिस छबूला पानी वढू द्या.”

एकदा दोर हाती आला की परत कोण काढून घेतो, असा तिचा मनातला हिशेब. पाटील हसून म्हणाला, “व्हय की. गावाच्या नावाचा सवाल हाय.” तो इतक्या सहज कबूल झाला, तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी छबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून विहिरीवर चढली. पोहरा खाली गेला, भरून वर आला. ती हसत होती. पाटील शेजारी उभा राहिला. उद्धवरावांनी विचारलं तेव्हा गवराबाईच बोलून गेली, “आमच्यात ह्ये रोजचंच हाय.”

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली आणि पाटलाच्या माणसांनी विहिरीत गोमूत्र शिंपडलं. दोरही नवा बांधला. गवराबाई भांडभांड भांडली. पाटील म्हणाला, “एक दिस म्हनली व्हतीस. दिला.”

पावसाळ्यानंतर चाकणच्या बाजारात पडदा लावून उद्धवरावांचा तो लघुपट दाखवला. छबूबाईचा पोहरा वर आला तशा टाळ्या पडल्या. गवराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तालुक्याला तक्रार घेऊन गेली, तर तिथले साहेब म्हणाले, “बाई, तुमची विहीर सर्वांना खुली आहे. मी स्वतः पाहिलंय पडद्यावर.”

त्यानंतर छबूबाई विहिरीवर यायची बंद झाली, तिच्यापाठोपाठ बाकीच्या बायाही. भर उन्हात आटलेल्या ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून छबूबाई वाटीवाटीनं घागर भरू लागली. गवराबाई तिथं जाऊन म्हणाली, “चल गं, मी वढून देते की.”

छबूबाईनं मान वर केली नाही. “न्हाई आक्का. तुमचा राग न्हाई. पर एकदा वर चढले, आता खाली हुबं ऱ्हावत न्हाई.”

गवराबाई पुढंही रोज सकाळी विहिरीवर जाई. पोहरा ओढी, रिकाम्या पायऱ्यांकडं बघत उभी राही, आणि पाणी परत विहिरीत ओती.