तात्यांचा डबा

साखर कारखान्यातून तात्या रिटायर झाले, तरी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की डबा घेऊन गेटबाहेरच्या लिंबाखाली आमच्यात येऊन बसतात. स्वतःचा डबा मांडीशी धरायचा आणि नजर फिरवायची आमच्या डब्यांवर. डब्यावरून ते घर ओळखतात. नुसती चटणी दिसली की, "काय, रुसवाफुगवा हाय का घरात?" चपाती दिसली की, "पाव्हणं आलं व्हतं व्हय? पोरगी बघाय?" संध्याकाळपर्यंत ते माळेगावभर झालेलं असतं. त्यांना डबा उघडा म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "आमच्या सूनबाईच्या हातचं हाय. निवांत खाईन."

परवा त्यांनी माझी भाकरी उचलून उजेडात धरली. "ही बाईच्या हातची न्हाय. मालकीण इंदापूरला म्हायेरी गेली जणू. भांडून?"

खरंच होतं ते. सगळ्यांचे घास थांबले. माझं डोकं फिरलं. "बघू तरी तुमच्या सूनबाईचं," म्हणत मी त्यांचा डबा ओढला आणि झाकण काढलं.

आत काहीच नव्हतं. घासूनपुसून लख्ख डबा.

"काय हाय रं?" पलीकडून कुणीतरी विचारलं. तात्या माझ्याकडं नाही, डब्याकडं बघत होते.

"वांगं हाय," मी म्हणालो आणि झाकण लावलं.

तात्यांनी डबा परत मांडीशी घेतला. मग माझ्या त्या जाड भाकरीचा तुकडा मोडून बराच वेळ चावत राहिले.

"भाजलीय चांगली," म्हणाले.