क्लेमच्या दुकानातली चाकं

फिलोमेना झाम्मितचा राग मेलबर्नच्या सायकल-कुरिअरवाल्यांत सगळ्यांना माहीत होता. मागे न बघता गाडीचं दार उघडणाऱ्या माणसाला ती असं काही सुनवायची, की तो बिचारा दार उघडं टाकूनच पळायचा. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. वकिलांची पाकिटं सायकलवरून पोचवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण तिचा राग पुढचा चौक येईतो विरून जायचा. लुपेच्या अपघातानंतर चढला तो मात्र उतरेना.

तिची सायकल फिक्सी. मागच्या चाकाला फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनी पायडल मागे रेटायचं. हे ती शिकली ब्रन्सविकच्या सिमेंटच्या गोल ट्रॅकवर, क्लेम हॅलोरनच्या हाताखाली. त्या काळी तिथे पोरींना कोणी उभं करत नसे. क्लेमने फाटक उघडलं आणि म्हणाला, "येऊ दे तिला आत. पाय आहेत की तिलाही." फिलोचा बाप माल्टाहून आलेला गोदी कामगार. तो दर रविवारी गरम पास्तित्सींचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचा, डबा क्लेमकडे पाठवायचा. फिलो क्लेमला जन्मभर 'कोच' म्हणत आली, तेही अहो-जाहो करून.

म्हातारपणी क्लेमने फिट्झरॉयमध्ये सायकलींचं दुकान टाकलं. काचेची भिंत, आत कॉफीचं यंत्र, भिंतीवर तसबिरींसारख्या टांगलेल्या फिक्सी. दारात पाटी: 'ब्रेक नाही, वायर नाही, नुसती सायकल.' फिलोला ती पाटी आवडली नव्हती. पण कोचचं दुकान, म्हणून ती गप्प बसली.

लुपे कुरिअरमध्ये नवीन होती. सामोअन पोरगी, हसली की अख्खा फुटपाथ हसायचा. तिने सायकल घेतली ती क्लेमकडूनच. दुपारी पायऱ्यांवर डबा खाताना फिलो तिला म्हणाली, "अगं, पुढे एक ब्रेक बसव. शहरात नुसत्या पायांवर भिस्त ठेवू नये."

"क्लेम म्हणाले, पाय पुरे."

"ते ट्रॅकवर. ट्रॅकवर ट्रॅम नसते."

"आणखी एक सांगू? पायडल मागे रेटलं ना, की कधीकधी कट्ट होतं आणि पाय रिकामाच जातो. दाखवून आले दुकानात. त्यांनी काहीतरी लावून घट्ट करून दिलं."

फिलोने भुवया उंचावल्या, पण तेवढ्यात दोघींनाही कामाचे फोन आले.

त्याच आठवड्यात लुपे कॉलिन्स स्ट्रीटच्या उतारावरून खाली येत होती. समोरची ट्रॅम थांबली. लुपेने पायडल मागे रेटलं, आणि पाय रिकामाच गेला. पायडल उलटं फिरलं, चाक मात्र थांबलं नाही. ती ट्रॅमच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं, जबडा मोडला.

कंपनीचा सुपरवायझर व्हर्न दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्रेक नसलेल्या सायकलवर फिरायचं आणि मग रडायचं. चूक तिचीच."

"तोंड आवर, व्हर्न," फिलो म्हणाली. "आधी सायकल तर बघू दे."

वाकडी झालेली सायकल तिने घरी नेली आणि मागचं चाक काढून घेतलं. फिक्सीच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. मोठ्या पायरीवर दात्यांची चकती सुलट्या आट्यांनी बसते. तिच्या बाहेर, लहान पायरीवर, चकतीला अडवून धरणारी उलट्या आट्यांची लॉकरिंग. पायाने मागे रेटलं की चकती सुटायला बघते, आणि ती सुटू लागली की उलट्या आट्यांची रिंग आणखी आवळते. सगळी मेख त्या उलट्या आट्यांत.

या हबला एकच पायरी होती. साध्या, फ्रीव्हीलच्या सायकलचा स्वस्तातला हब. त्याच सुलट्या आट्यांवर चकती आणि त्याच आट्यांवर दुसरी कुठलीशी रिंग, मध्ये गोंदाचा थर. फिलोने चकतीला चेनचा पाना लावून मागे ओढलं. चकती आणि रिंग दोन्ही मिळून बरणीच्या झाकणासारखी फिरत बाहेर आली. आतले आटे घासून पिठूळ झाले होते.

ती खुर्चीत बसून राहिली. कारागीर नवखा असता तर गोष्ट वेगळी. पण उलट्या आट्यांचं हे शहाणपण तिला शिकवलं होतं ते क्लेमनेच, ब्रन्सविकच्या बाकावर बसून, तिच्या हातात पाना देऊन.

शनिवारी दुकान भरलेलं असताना ती चाक खांद्याला लटकवून आत शिरली.

"कोच, हे काय आहे?"

क्लेमने चाकाकडे बघितलं आणि लगेच कॉफीच्या यंत्राकडे. "फिलो! ये, ये. बस. बऱ्याच दिवसांनी."

"बसायला नाही आले. हे काय आहे, ते सांगा."

"हळू बोल जरा, गिऱ्हाइकं आहेत. हे बघ, ही मुलं कॉफी प्यायला जातात सायकलवरून. कोण एवढं पाय रेटतंय? गोंद धरतो बऱ्यापैकी."

"लुपे कुरिअर आहे. ती तुमच्याकडे आली होती. कट्ट होतंय म्हणून सांगितलं होतं तिने."

"मी घट्ट करून दिलं होतं."

"गोंद फासून दिलात!"

फिलोने भिंतीवरची तसलीच एक सायकल उतरवली, तिचा मागचा हब नीट निरखला, आणि ती क्लेमपुढे उभी केली.

"बसा. चला कॉलिन्स स्ट्रीटला. वरून खाली या, ब्रेकशिवाय. मी खाली उभी राहते."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"बसा ना."

"माझं वय झालंय, फिलो."

तेव्हा तिचा तोल गेला, आणि जन्मभराचं अहो-जाहोही गेलं. "वयाचं काय सांगतोस? अरे, तू बसत नाहीस ते तुला हे चाक ठाऊक आहे म्हणून! लुपेला ठाऊक नव्हतं, म्हणून ती बसली. तिला बसवताना नाही का वय आठवलं तिचं?"

क्लेमने हँडलवर हात ठेवला. सगळे बघत होते. त्याने हात काढून घेतला.

एका गिऱ्हाइकाने हातातला कप ठेवला आणि विचारलं, "माझ्या सायकलला पण हेच चाक आहे का?" क्लेमने मान हलवली. ती हो म्हणून हलली, हे सगळ्यांनी पाहिलं.

ती पाटी उतरली. क्लेमने विकलेल्या सायकली परत बोलवायला सुरुवात केली. फिलो सुटीच्या दिवशी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसू लागली, कारण क्लेमच्या शब्दावर तिचा आता विश्वास नव्हता. प्रत्येक सायकलला खऱ्या फिक्सीचा हब, आटे पुसून ग्रीस, चकती जोर लावून घट्ट. मग थोडं चढावर चालवून चकती पुन्हा आवळायची, आणि त्यावर लॉकरिंग, डावीकडे फिरवत. चेन वरखाली जरा हलली पाहिजे, लोंबता कामा नये. आणि पुढे ब्रेक. एक पोरगा कुरकुरला, "ब्रेकने शोभा जाते." फिलो म्हणाली, "जबडा मोडल्यावर लुपे नळीने सूप पीत होती. तिची शोभा बघायला येतोस?" त्याने ब्रेक बसवून घेतला. ट्रॅमचे रूळ तिरपे नाही, सरळ काटकोनात ओलांडायचे, हेही ती प्रत्येकाला सुनवायची, जणू काही रूळ त्यांनीच टाकले होते.

व्हर्नने सगळ्यांसमोर माफी मागितली नाही. लुपेचा खांदाही पूर्वीसारखा झाला नाही. पिशवीचा पट्टा सहन होईना, म्हणून तिने कुरिअर सोडलं आणि मावशीच्या बेकरीत कामाला लागली.

एका रविवारी क्लेम फुलं घेऊन लुपेच्या घरी गेला. लुपेच्या आईने त्याला चटईवर मानाने बसवलं, चहा दिला, नारळाच्या दुधातले पाव पुढे केले. फिलो तिथेच होती. ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "अहो, याला चहा कशाला?"

"दारात आलेला माणूस आहे," लुपेची आई म्हणाली. "तुझा राग तू बाहेर नेऊन ठेव, बाई."

फिलो बाहेर जाऊन फाटकाशी उभी राहिली. क्लेम बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"फिलो, त्यांनी मला माफ केलं," तो म्हणाला.

"त्यांची मर्जी. सायकली किती राहिल्या?"

"एकच. तो मुलगा जिलाँगला राहायला गेलाय. फोन उचलत नाही."

"जिलाँगला ट्रेन जाते."

तिने फाटक उघडून धरलं. तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला, आणि तो कोपऱ्यावरून खरंच स्टेशनकडेच वळतो की घराकडे, हे दिसेपर्यंत ती तिथून हलली नाही.