अण्णांना दिसलेला डाळिंबी ढग

अंगात येणं, नवस, भूतखेत – यातलं मी काही मानत नाही. आजही नाही. चिंचोळी एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला आहे, छंद आकाशाचे फोटो काढण्याचा. तरी हे लिहितोय, कारण घरात आता यावर कुणी बोलत नाही...

मागच्या हिवाळ्यात केमला आमच्या शेतात गेलो होतो. सोलापुरात दिव्यांच्या उजेडात फोटो येत नाहीत. सोबत वडील होते – अण्णा. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, त्याला बरीच वर्षं झाली.

जेवणं लवकर उरकून दुर्बिणीला कॅमेरा जोडला. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे, वायू-धुळीचा प्रचंड ढग, तिथं नवे तारे जन्मतात. नुसत्या डोळ्यांना तो करडा ठिपका दिसतो. शटर बराच वेळ उघडं ठेवलं तरच रंग येतो. पहिलाच फोटो चालू होता. अण्णा बाजेवर, तोंड वर करून.

"डाळिंबाच्या दाण्यावानी रंग हाय की," ते म्हणाले.

"कशाचा, अण्णा?"

"ह्या ढगाचा. पंख पसरल्यागत हाय. मधी चार चांदण्या, जवळजवळ... आन् आता खालनं पांढरी रेघ गेली बघ, आडवी."

मला वर त्या करड्या ठिपक्याशिवाय काहीच दिसलं नव्हतं. शटर बंद झालं, स्क्रीनवर फोटो आला. डाळिंबी ढग, मधे चार तारे, आणि खालून एका उपग्रहाची आडवी रेघ.

रंग, आकार मी कधी बोललो असेन, त्यांनी ऐकलं असेल. पण रेघ?

अण्णांनी चाचपत माझा हात धरला. "मला दिसलं रं." थोड्या वेळानं म्हणाले, "गेलं."

दुसऱ्याच दिवशी सोलापुरात डॉक्टरांना दाखवलं. "डोळ्यांची नस पार सुकलीय," ते म्हणाले. "उजेडसुद्धा कळणार नाही यांना." आणखी एका डॉक्टरांनी तेच सांगितलं.

मग आभाळ निरभ्र असलं की अण्णांचं सुरू व्हायचं, "केमला जाऊ की." जायचो. ते मान वर करून बसायचे, थंडीत कुडकुडत. काही दिसतंय का, हे विचारायचं मी हळूहळू सोडून दिलं.

यंदा थंडी पडल्यावर मीच म्हणालो, "अण्णा, जायचं का?"

"नगं," ते म्हणाले. "अंधाराची सवय झालती मला. लई वर्सं लागली व्हायला. तेवढं दिसलं, आन् ती मोडली."

आता ते दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. त्यांना ते कसं दिसलं, मला अजून कळलेलं नाही. आणि दिसायचंच होतं तर तेवढंच का – हे कुणाला विचारायचं, तेही माहीत नाही.